फाट्यावरचा बोर्ड: ८ बाय ४ फुटांत काय मावतं

मुंबई-गोवा महामार्गावर फाट्याआधी घरगुती खानावळीचा बोर्ड लावायचा असेल तर आधी गाडीचा वेग बघा, रंगांचं मग बघू. ताशी ६० किमीने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. वाचायला पाच सेकंद द्यायचे तर अक्षर ८५ मीटरवरून लागायला हवं. त्यासाठी उंची किमान ९ इंच, तीही शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांटी-उकार धरले की एक ओळ १५ इंचांवर जाते. म्हणजे ४ फुटांत दोनच ओळी: ‘घरगुती जेवण’ आणि खाली ‘डावीकडे ३०० मी.’ उरलेल्या १८ इंचांत बाण आणि मोकळी जागा. मालक म्हणणारच, सोलकढी, कोंबडी-वडे, दोन मोबाइल नंबर, सगळं घाला. ते मेनूकार्डावर घाला. चालत्या गाडीतून नंबर कोणी टिपून घेत नाही.

ओळींमधलं अंतर सॉफ्टवेअरवर सोडू नका. ते इंग्रजीच्या मापाने येतं आणि ‘घरगुती’मधल्या ‘गु’चा उकार खालच्या ‘वी’च्या वेलांटीत घुसतो. फाँट मुक्ता किंवा बालू घ्या. दोन्ही फुकट आणि युनिकोड. वजन बोल्ड पुरे. त्याहून जाड केलं तर अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात, लांबून ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा. फाँटमध्ये सोय असेल तर भाषा मराठी निवडा, म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. फाइल प्रेसला देताना सगळा मजकूर कर्व्हमध्ये करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा; कोरलड्रॉ वापरत असाल तर कंट्रोल-क्यू. नाहीतर त्यांच्याकडे तो फाँट नसला की अक्षरांचा चुराडा ठरलेला.

फोटो शक्यतो नकोच. हवाच असेल तर पूर्ण मापाला ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) म्हणजे ६९१२ बाय ३४५६ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

रंगात एकच पथ्य: हिरवा नको. जूनपासून मागे सगळं हिरवंच असतं, बोर्ड त्यात हरवतो. लाल अक्षरं उन्हाने सगळ्यात आधी उडतात. पिवळ्यावर काळं दिसायला काही खास नाही, पण दोन पावसाळ्यांनंतरही वाचता येतं.

छापण्याआधी डिझाइन दहापट लहान, ९.६ बाय ४.८ इंच, करून ए-फोर कागदावर काढा, भिंतीला चिकटवा आणि साडेआठ मीटरवरून बघा. ज्याला मजकूर माहीत नाही अशा माणसाला पाच सेकंद दाखवा. तो अडखळला तर शब्द कमी करा.

फ्लेक्सला चारही बाजूंनी ३ इंच जास्त ठेवायला सांगा, कड दुमडून बांधायच्या भोकांना धातूच्या रिंगा मारायला तेवढं लागतं. रिंगा फुटाफुटावर. वाऱ्यात फ्लेक्स शिडासारखा फुगतो, म्हणून फ्रेमला मधोमध उभा पाइप हवाच, आणि पाइप गॅल्व्हनाइज्ड; खाऱ्या हवेत साध्या लोखंडाच्या गंजाचे ओघळ थेट अक्षरांवर उतरतात. बोर्डाची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर ठेवा, म्हणजे तांबड्या चिखलाचे शिंतोडे बाणापर्यंत पोचत नाहीत. जागा महामार्गाच्या हद्दीबाहेरची, जागामालकाच्या लेखी संमतीची बघा, ग्रामपंचायतीत आधी विचारा आणि झाडाला खिळे ठोकू नका.