लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात जाण्यापूर्वी

स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात जावयाचे ठरले की बॅगेच्या आधी तारखेचा विचार करावा, कारण तेथे जे पाहावयाचे ते मुख्यतः पाणी आहे आणि ते ऋतूप्रमाणे बदलते. हिमनदीने कोरलेल्या या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ उभे कडे आहेत आणि त्यांवरून 72 धबधबे कोसळतात असे सांगितले जाते, परंतु हे सगळेच वर्षभर सारखे वाहत नाहीत. मेअखेरपासून जुलैपर्यंत वरचे बर्फ वितळत असल्यामुळे पाणी भरपूर असते. शरद ऋतूत धारा बारीक होतात. ट्रुमेलबाखचे धबधबे साधारणपणे एप्रिलपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंतच पाहता येतात आणि स्टाउबबाख धबधब्याच्या मागे कड्यातून काढलेली वाट हिवाळ्यात बंद असते. एकदाच जाणे होणार असेल, तर मी जून महिना सुचवेन. मात्र तेव्हा उंचावरील काही पायवाटांवर बर्फ असू शकते, हे गृहीत धरावे.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो करावाच लागतो, पण सुट्ट्यांच्या काळात इतक्या उशिरापर्यंत थांबणे धोक्याचे आहे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. एकाहून अधिक देशांत जाणार असाल, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. खर्चासाठी स्विस फ्रँक लागतात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, तरी थोडी रोकड जवळ असावी.

मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. खोऱ्याच्या तळाशी, सुमारे 800 मीटर उंचीवर लाउटरब्रुनेन गाव आहे आणि इंटरलाकेन ओस्ट स्थानकाहून तेथे रेल्वेने साधारण 20 मिनिटांत पोहोचता येते. कड्यांच्या माथ्यावरील वेंगेन आणि म्युरेन ही गावे मोटारमुक्त आहेत, त्यामुळे गाडी भाड्याने घेतली असल्यास ती खालीच ठेवावी लागते आणि सामान रेल्वेतून किंवा केबलकारमधून वर न्यावे लागते. वृद्ध माणसे बरोबर असतील, तर मुक्काम लाउटरब्रुनेनच्या स्थानकाजवळ घेणे सोयीचे ठरते.

कपड्यांच्या बाबतीत कृपया काटकसर करू नये. उंची 1,000 मीटरने वाढली की तापमान सुमारे 6 अंशांनी उतरते आणि म्युरेन 1,638 मीटरवर आहे. खाली अर्ध्या बाह्यांत फिरणाऱ्या माणसाला वर स्वेटर लागतो. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे आणि वरून पाणी आत न येऊ देणारे जाकीट घ्यावे. छत्री तुषारांपुढे आणि वाऱ्यापुढे फारशी टिकत नाही. बुटांच्या तळव्यांची पकड घरीच ओल्या फरशीवर तपासून घ्यावी, कारण ट्रुमेलबाखच्या बोगद्यांतील पायऱ्या सतत ओल्या असतात. फोनसाठी पाणीरोधक पिशवी आणि स्विस सॉकेटमध्ये बसणारा अडॅप्टर न विसरता घ्यावा. रिकामी बाटली बरोबर असली की गावातील कारंज्यांचे पाणी भरून घेता येते. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचे पाणी नाही) अशी पाटी असेल, तेथील पाणी पिऊ नये.

दिवसाची आखणी प्रकाश पाहून करावी. स्टाउबबाखचा सुमारे 297 मीटरचा धबधबा पश्चिमेकडील कड्यावर असल्याने त्याच्यावर ऊन सकाळी पडते. वाऱ्याने विखुरलेल्या त्याच्या तुषारांत तेव्हा इंद्रधनुष्य दिसू शकते. दुपारनंतर तो कडा सावलीत जातो. जर्मन कवी गटे 1779 मध्ये येथे आला होता आणि या धबधब्यावरून त्याला कविता सुचली. तेथून खोऱ्याच्या आतल्या टोकाच्या श्टेखेलबेर्ग गावाच्या दिशेने सपाट वाटेने चालत निघावे. तीनेक किलोमीटरवर ट्रुमेलबाख लागतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी येथे डोंगराच्या पोटातून 10 टप्प्यांत खाली येते आणि त्याचा प्रवाह सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत जातो. बर्फ दिवसाच्या उन्हाने वितळते, म्हणून उन्हाळ्यात दुपारनंतर हा प्रवाह अधिक जोरकस असतो. चार वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत. लहान मूल असल्यास बाहेर कोणी थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. पाय दमले, तर परतीसाठी पिवळी पोस्टबस आहे.

वरच्या वाटांवर जाण्यापूर्वी खुणा ओळखायला शिकावे: पिवळ्या पाट्या साध्या पायवाटेच्या, पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरी वाटेचा आणि पांढरा-निळा-पांढरा अनुभवी लोकांसाठी असलेल्या अवघड वाटेचा. रुग्णवाहिकेसाठी 144 आणि हेलिकॉप्टर बचाव पथकासाठी 1414 हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत. वर जाण्याचे महागडे तिकीट काढण्यापूर्वी त्या सकाळचे शिखरावरील वेबकॅम पाहावेत, कारण खाली ऊन असतानाही वर दाट ढग असू शकतात.

एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. छायाचित्रांत दिसणारी हिरवी कुरणे मोकळी मैदाने नसून शेतकऱ्यांच्या गवताची शेते आहेत. तेच गवत कापून, वाळवून हिवाळ्यात गुरांना घातले जाते आणि तुडवलेले गवत नीट कापता येत नाही. छायाचित्रासाठीसुद्धा कुंपण ओलांडू नये, आपल्या मुलांनाही हे आधीच समजावून सांगावे आणि खाऊच्या रिकाम्या वेष्टनांसाठी खिशात एक लहान पिशवी ठेवावी.