ठरवून लावलेल्या वणव्याचा धूर: आदल्या संध्याकाळची तयारी

सिडनीत हवा थंडावली की आसपासच्या जंगलांत रुरल फायर सर्व्हिस आणि नॅशनल पार्क्सची माणसं ठरवून आग लावतात. वाळलेला पालापाचोळा आधीच जाळला की उन्हाळ्यातल्या वणव्याचा जोर कमी होतो. २०१९-२० चा भीषण वणव्यांचा उन्हाळा इथे काढलेल्यांना त्याची गरज पटवावी लागत नाही. पण हा धूर रात्री थंड हवेसोबत खाली बसतो आणि सकाळपर्यंत साचून राहतो. म्हणून तयारी आदल्या संध्याकाळीच हवी.

फोनवर ‘हॅझर्ड्स निअर मी’ (कुठे आग आहे ते सांगणारं) आणि ‘एअरस्मार्ट’ (हवा कशी आहे ते दाखवणारं) ही ॲप घेऊन ठेवा. आगीचा दिवस हवामानावर ठरतो, ऐनवेळी बदलतो. त्यामुळे या दिवसांत रोज बघा. जवळपास आग लावणार असतील तर दोरीवरचे कपडे आत घ्या आणि झोपण्याआधी खिडक्या लावा. दाराखालच्या फटीत टॉवेल सरकवा. एसी आतलीच हवा फिरवेल असा लावा. बाहेरची हवा ओढणारा इव्हॅपोरेटिव्ह कूलर मात्र बंदच. आणि कृपा करून त्या दिवशी उदबत्ती, धूप, तळण, मिरचीची खमंग फोडणी नको. बंद घरात तोही धूरच. मऊ खिचडीवर एक दिवस निभतं.

सगळ्यात जास्त लक्ष दमेकऱ्यांकडे द्या. निळा पफर (दम लागल्यावर लगेच आराम देणारा इनहेलर) संपत आलेला नाही ना, तारीख उलटलेली नाही ना, स्पेसर (पफरला जोडायची नळी) कुठे आहे, हे हातात घेऊन बघा. दम लागला तर माणसाला बसवा, स्पेसरमधून एकेक करून ४ पफ द्या, प्रत्येक पफनंतर स्पेसरमधूनच ४ श्वास, मग ४ मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा ४ पफ; तरीही नसेल तर ००० वर (इथला आपत्कालीन नंबर) फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. त्रास सुरुवातीपासूनच जास्त असेल तर थांबूच नका, लगेच फोन करा. भारतातून आलेल्या आई-बाबांना हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्यांची हृदयाची, दम्याची औषधं पुरेशी आहेत का तेही विचारा. ‘काही नाही गं, जरा खोकला आहे’ यावर विसंबू नका. गरोदर बाई आणि लहान मुलांनाही जपा.

बाहेर जावंच लागलं तर चेहऱ्याला घट्ट बसणारा पी२ किंवा एन९५ मास्क लावा. कापडी मास्कने बारीक कण अडत नाहीत. सकाळचं फिरणं, मुलांचं क्रिकेट पुढे ढकला. घरात धूर शिरतच असेल तर एसी असलेल्या लायब्ररीत जाऊन बसा. ॲपवर हवा सुधारलेली दिसली की सगळ्या खिडक्या उघडून घरात कोंडलेला धूर बाहेर जाऊ द्या.