ईव्हीएसचा प्रोजेक्ट फायलीतून बाहेर काढा: कॉलेज कॅन्टीनच्या कचऱ्याचं खत कसं करायचं

सिनियरची जुनी फाईल, नवीन कव्हर, नेटवरून काढलेले ध्रुवीय अस्वलाचे फोटो, झाला ईव्हीएसचा (पर्यावरण अभ्यासाचा) प्रोजेक्ट. आता फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट्स आहेत, एनएसएसवाल्यांना (राष्ट्रीय सेवा योजना) तर वर्षाचे १२० तास भरायचेच असतात, मग ते कॅन्टीनच्या मागे खताचा ढीग लावून भरा ना, शिकायला पण मिळेल.

परमिशनसाठी सगळे आधी प्रिन्सिपलच्या केबिनकडे पळतात. माझं म्हणणं, आधी कॅन्टीनवाल्या काकांना आणि सफाईच्या मावशींना भेटा, कारण सही मिळाली तरी कचरा वेगळा ठेवणार तेच. त्यांना एक झाकणाचा डबा द्या आणि फक्त कच्चं मागा, म्हणजे भाज्यांची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा (धुऊन, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात). मिसळीची तर्री, उरलेले वडे सुरुवातीला नकोच. आणि दुधाच्या पिशवीचा तो कापलेला टिचभर कोपरा, तो सालांमध्ये हमखास येतो आणि खत तयार झालं तरी जसाच्या तसा असतो, तेवढा उचलून बाजूला टाकायला सांगाच. मग प्रिन्सिपलकडे जा. रोज १०० किलोपेक्षा जास्त ओला कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्या आणि संस्थांनी तो आपल्याच आवारात जिरवावा असं बीएमसीने २०१७ मध्येच सांगितलंय, हे ऑफिसात बोललं की कागद जरा लवकर हलतो.

आता खरी मेख. ओलं रोज फुकट मिळतं, मुंबईत टंचाई असते ती त्यात मिसळायच्या सुक्याची, म्हणजे वाळकी पानं, भुसा. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं म्हणून उत्साहात जूनमध्येच ढीग लावला तर वरून पाऊस, हाताशी सुकं पान नाही, आठवड्यात आख्ख्या मजल्याला वास. त्यापेक्षा जानेवारी ते मार्च बदाम, पिंपळ झडतात तेव्हा माळीकाकांना सांगून पानं गोण्यांमध्ये भरून कोरड्या जागी ठेवा, जाळू देऊ नका. सुताराकडचा भुसा चालेल पण प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो.

ढीग साधारण ३ फूट लांब, रुंद, उंच हवा, छोटा असला तर आत तापत नाही. खाली विटा आणि लाकडी पट्ट्या, चारी बाजूंनी आणि तळाला अर्ध्या इंचाची जाळी (घुशी!), वर पत्रा. एक घमेलं ओल्यावर दोन-तीन घमेली सुकं, असे थर. केमिस्ट्रीवाल्यांसाठी, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण ३० ला १ च्या आसपास हवं, घमेल्यांचा हिशोब त्यासाठीच. कल्चरच्या (कुजवणाऱ्या जिवाणूंच्या) पाकिटांवर पैसे घालू नका, थोडं जुनं खत किंवा शेणकाला पुरतो. ओल बघायची तर मूठभर घेऊन घट्ट पिळा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर सुकं वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा.

तीन-चार दिवसांत आतलं तापमान ५०-६० डिग्रीवर जातं, हात घातला की चटका बसतो, आणि सगळं बॅक्टेरियांचं काम, खाली कुणी शेगडी लावलेली नसते. रोज एकाच वेळेला मोजा. लॅबमधला पाऱ्याचा थर्मामीटर कृपया खुपसू नका, फुटला तर सगळं खत बाद, किचनवाला डिजिटल घ्या. ५५ च्या वर तीन दिवस राहिलं की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, मग तापमान उतरायला लागलं की फावड्याने उलटापालट करा, हवा मिळाली की पुन्हा चढतं. हा चढ-उताराचा ग्राफ म्हणजेच तुमचा प्रोजेक्ट, बाकी प्रस्तावना वगैरे सरांसाठी.

वासावरूनच रोग कळतो. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा असला तर ओलं जास्त झालंय, सडक्या अंड्यासारखा असला तर आत हवा नाही. दोन्हीला सुकं घाला आणि उलटा. कधी चपट्या, मळकट अळ्या वळवळताना दिसतील, पोरं किंचाळतात, पण त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, चावत नाहीत, ओलं फस्त करतात. राहू द्या.

दोन-तीन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येणारं झालं की चाळा. लगेच कुंड्यांत ओतू नका. खत पाण्यात कालवून गाळा, एका वाटीत त्या पाण्यावर मोहरीचे १० दाणे, दुसरीत साध्या पाण्यावर १०. खताच्या वाटीत कमी रुजले तर ते अजून कच्चं आहे, थांबा.

मधल्या एखाद्या शनिवारी सगळ्यांना सायनजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या. ती ३७ एकर जागा आधी डम्पिंग ग्राउंड होती हे माहीत असलेला पोरगा वर्गात शोधून दाखवा.

आणि मे महिन्याचं आधी ठरवा. सुट्टीत कॅन्टीन बंद, ढीग कोरडा ठाक पडतो. माळीकाकांना आठवड्यातून दोनदा पाणी मारायला सांगा, त्याचे पैसे द्या, आणि तापमानाच्या नोंदींचं लॉगबुक एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) दोघांच्या हातात देऊनच गावी जा.