सह्याद्रीतलं छोटं गाव श्रमदानातून सुंदर कसं करावं

शनिवार-रविवार डोंगरात जाणारे कितीतरी गट हल्ली नुसते भटकून परत येत नाहीत. जिथे मुक्काम केला, तिथल्या पिठलं-भाकरीला जागून गावासाठी काही करावं असं त्यांना मनापासून वाटतं. गावातली तरुण पोरंही तयार असतात. मग रंगाचे डबे येतात, रोपं येतात, आणि पहिल्या पावसाळ्यात निम्मं काम वाहून जातं. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. म्हणून इथे सुशोभीकरणाचा क्रम उलटा धरावा: आधी पाणी, मग वाटा, मग झाडं, आणि रंग सगळ्यात शेवटी.

गावाला विचारा

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा, पण तेवढ्यावर थांबू नका. ग्रामसभेत विषय मांडा, आणि त्याआधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत तर नक्कीच. गावात दिवसातून चार वेळा पाणवठ्याची चढण चढणाऱ्या बाईला काय हवं आहे, हे तिथेच कळतं. बहुतेक वेळा तिला कमान किंवा कारंजं नको असतं, पाय न घसरणारी वाट हवी असते. जागा गावठाणातली, खासगी की वनखात्याची, हेही आधीच बघून घ्या. वनखात्याच्या जागेत खड्डा खणायलासुद्धा परवानगी लागते. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान राज्यात 2000-01 पासून चालतं. गाव त्यात उतरणार असेल तर तुमचं काम त्याच्याशी जोडून घ्या.

भर पावसात एक फेरी मारा

जुलैत छत्री घेऊन गावातल्या माणसाबरोबर सगळ्या आळ्या फिरा. पाणी कुठून उतरतं, कुठल्या घराच्या जोत्याला लागतं, शाळेसमोर कुठे तुंबतं, ते कागदावर काढा. उन्हाळ्यात सरळ दिसणारी पायवाट पावसात ओहोळ झालेली दिसेल. पुढच्या सगळ्या कामाचा नकाशा हाच.

एप्रिल-मेमध्ये गटारं आणि वाटा

गाळ उपसा, बुजलेली गटारं मोकळी करा. उतारावरच्या वाटेला वरच्या अंगानं चर खणा, म्हणजे डोंगराचं पाणी वाटेवर न येता बाजूनं निघून जाईल. वाटेवर मधूनमधून दगडांच्या ओळी तिरक्या बसवा. पाणी त्यांना अडून कडेला वळतं आणि माती जागेवर राहते. दगड वर नुसता ठेवू नका, त्याचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीत गेला पाहिजे. गुरांच्या खुरांनी वर ठेवलेले दगड आठवड्यात निखळतात.

ढासळलेला बांध किंवा गडगा, म्हणजे नुसत्या दगडांची कुंपणभिंत, रचायचा असेल तर गावातल्या जाणत्या माणसाला म्होरक्या करा आणि तुम्ही हाताखाली राबा. मोठे दगड तळाला, रचाई किंचित आत झुकलेली, मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, आणि फटींत चिपा ठोकलेल्या. सिमेंट घालायचा मोह आवरा. कोरड्या रचाईतून मागचं पाणी झिरपून जातं. सिमेंटनं फटी बुजवल्या की ते मागे साचतं आणि भिंत पुढे ढकलतं.

दगड उचलताना बोटं खाली घालू नका. पहारीनं आधी उलटा, कारण खाली विंचू असू शकतो आणि फुरसंही. बूट आणि जाड हातमोजे हवेतच. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं आणि तिथपर्यंत गाडी कुणाची, हे काम सुरू करण्यापूर्वी ठरलेलं असावं.

कचरा खाली न्यायची सोय आधी

गडाची वाट गावातून जात असेल तर वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या घळीत साठलेल्या सापडतील. गोळा करणं सोपं असतं. पन्नास पोती भरल्यावर ती न्यायची कुठे, इथे घोडं अडतं. तालुक्याला नेणारा टेम्पो आणि माल घेणारा भंगारवाला आधी ठरवा. प्लास्टिक जाळू नका, पुरूही नका.

झाडं पहिल्या पावसात

खड्डे मेमध्येच दीड-दोन फुटांचे खणून तापू द्या. लावायचं ते इथलंच: बकुळ, बहावा, कांचन, पांगारा, ताम्हण, जांभूळ. गुलमोहोर दिसायला देखणा, पण तो मादागास्करचा. ग्लिरिसिडिया आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ तर टाळाच. प्रत्येक रोप एखाद्या घराच्या नावानं लावा आणि काट्यांचं कुंपण घाला, नाहीतर ते शेळ्या संपवतील. शंभर लावून विसरण्यापेक्षा वीस जगवा. देवराई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, असेल तर तिला अजिबात हात लावू नका. तिथला पालापाचोळा झाडणंसुद्धा नको.

दिवाळीनंतर भिंती

मातीच्या आणि दगडी भिंतींना ऑइल पेंट लावू नका. आतली ओल कोंडते आणि रंगाचे पोपडे निघतात. चुना स्वस्त आहे आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा. पाण्यात पडताच तो खळखळून उकळतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, पोरं जवळ नकोत आणि डोळ्यांवर चष्मा हवा. एक रात्र मुरला की फडक्यातून गाळा, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घाला, आणि दुधाइतका पातळ करा. भिंत झाडून ओली करा, मग हात मारा. पहिला हात ओला असताना जवळजवळ दिसतच नाही, आणि नवखा माणूस घाबरून चुना घट्ट करतो. थांबा. वाळल्यावर पांढरा उमटतो. घट्ट चुना मात्र पुढे भुकटी होऊन झडतो. दोन-तीन पातळ हात पुरतात.

चित्रं काढायची तर त्यांना कारण असू द्या. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार 2017 मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तेव्हा भिंती रंगल्या. पण त्या भिंतींच्या आत गावकऱ्यांनी खरोखर पुस्तकं ठेवली, वाचणाऱ्यांना आपल्या घरात जागा दिली. असं काही नसताना काढलेलं मोराचं चित्र कुठल्याही गावात चालतं, म्हणजे ते या गावाचं नसतं.

एक कळकळीची विनंती: देवळाबाहेरच्या वीरगळी (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा (सती गेलेल्या बायकांचे स्मृतिदगड) आणि कोरीव दगड रंगवू नका. भक्तीनं चोपडलेल्या चकचकीत रंगाखाली शतकांचं कोरीवकाम बुजून गेलेलं या डोंगरांत जागोजागी दिसतं. मऊ ब्रशनं धूळ झाडली तरी पुष्कळ झालं.

दिवे बेतानं

सौर दिवा फक्त पाणवठ्यावर आणि वळणावर, तोंड खाली केलेला. पावसाच्या तोंडावर या डोंगरांत काजव्यांनी झाडं लखलखतात. प्रखर प्रकाशात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत आणि मीलन होत नाही. झाडावर दिव्यांच्या माळा सोडणं हे तर काजव्यांच्या मुळावरच येतं.

काम गावाच्या हाती द्या

गावातल्या दोघा-तिघांची नावं ठरवा: गटारं कोण बघणार, रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार. बचत गटानं हे अंगावर घेतलं तर काम टिकतं. रोपाच्या पाण्यासाठी थोडे पैसे वर्षभर पाठवत राहा. पहारी, टिकाव, फावडी, घमेली परत नेऊ नका. ग्रामपंचायतीत नोंद करून तिथेच ठेवा, पुढच्या मेमध्ये गाळ उपसायला लागतील.