संघ हरतच सुटला की खरा दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

पराभवांची रांग लागली की रिंकमध्ये पहिली घोषणा प्रशिक्षकाविरुद्ध होते. व्यवस्थापनालाही ती सोयीची असते, कारण वीस-बावीस खेळाडू बदलण्यापेक्षा एक प्रशिक्षक बदलणं सोपं. पण उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, संघ तळाला जाण्याची कारणं अनेक असतात: गोलरक्षक, निव्वळ दुर्दैव, खेळण्याची पद्धत, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेवर असताना जादा माणसाने खेळण्याची संधी), करारांचं ओझं, मालक. यातलं आपल्या संघाला कुठलं लागू आहे, हे आकडे समोर घेऊन एक संध्याकाळ बसलं तर बऱ्यापैकी कळतं. लीगच्या संकेतस्थळावर, नॅचरल स्टॅट ट्रिकवर आणि मनीपकवर लागणारी माहिती फुकट मिळते. राग येणं रास्तच आहे, फक्त तो योग्य माणसावर निघायला हवा.

गुणतक्ता

पहिल्या आठ-दहा सामन्यांवरून काही ठरवू नका. वीस सामने होऊ द्या, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत थांबा. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगला जे १६ संघ प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीच्या, जागांवर असतात, त्यांतले साधारण तीन चतुर्थांश संघ शेवटीही तिथेच सापडतात. त्यामुळे त्या दिवशी आपला संघ कुठे आहे, हे बघण्यासारखं असतं.

तक्त्यात डोळ्यांत धूळ फेकतो तो तिसरा रकाना. १०-१०-५ अशी नोंद (विजय, साधे पराभव, जादा वेळेतले पराभव) दिसली की संघ बरोबरीत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो २५ पैकी १५ सामने हरलेला असतो. त्यातले ५ पराभव जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये झाले, म्हणून प्रत्येकी १ गुण मिळाला (विजयाचे २ असतात), एवढंच. हा जादा गुण सगळ्यांनाच मिळत असल्याने लीगची सरासरी निम्म्या गुणांवर नसते, ती ५५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे २५ सामन्यांत २५ गुण मिळवणारा संघ सरासरीच्या खाली आहे.

आता उरलेलं गणित करा. ८२ सामन्यांच्या हंगामात प्लेऑफसाठी साधारण ९५ गुण लागतात. २५ सामन्यांत २२ गुण झाले असतील, तर उरलेल्या ५७ सामन्यांत ७३ हवेत. या वेगाने पूर्ण हंगाम खेळला तर १०५ गुण होतील. तुमचा संघ १०५ गुणांचा आहे का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. २०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा आहे, त्यामुळे तिथून पुढे लक्ष्य दोन-तीन गुणांनी वर धरा.

पाच विरुद्ध पाच

सामन्याचा मोठा भाग दोन्ही बाजूंचे पाच-पाच स्केटर, म्हणजे गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू, बर्फावर असताना जातो, म्हणून तपासणी तिथून सुरू करावी. तीन आकडे काढा.

पहिला कॉर्सी: फटक्यांच्या एकूण प्रयत्नांत आपला वाटा किती. अडवलेले आणि बाहेर गेलेले फटकेही यात मोजतात. दुसरा अपेक्षित गोलांचा वाटा. यात प्रत्येक फटक्याला अंतर, कोन, फटक्याचा प्रकार, रिबाउंड होता की नव्हता, यावरून वजन दिलेलं असतं. निळ्या रेषेवरून, म्हणजे आक्रमणक्षेत्राच्या सीमेवरून, मारलेला फटका आणि गोलसमोरच्या स्लॉटमधून मारलेला फटका सारखे धरले जात नाहीत. तिसरा पीडीओ: आपल्या फटक्यांची गोल होण्याची टक्केवारी अधिक आपल्या गोलरक्षकाची बचावाची टक्केवारी. सगळ्या लीगची सरासरी काढली तर ती १०० भरते, आणि एकेक संघही हंगाम पुढे जाईल तसा ९८ ते १०२ च्या पट्ट्यात येतो.

आकडे काढताना गुणफलकानुसार दुरुस्त केलेले पर्याय निवडा. दोन गोलांनी पुढे असलेला संघ मागे सरकून बचाव करतो आणि मागे असलेला संघ मिळेल तिथून फटके मारत सुटतो. रोज हरणाऱ्या संघाचा कॉर्सी त्यामुळे उगाच फुगतो. ‘आम्ही तर जास्त फटके मारले’ हे प्रशिक्षकाचं पत्रकार परिषदेतलं वाक्य अनेकदा इथूनच येतं.

आता वाचन. अपेक्षित गोलांचा वाटा ५२ टक्के आणि पीडीओ ९७ असेल, तर संघ बरा खेळतोय आणि पक (खेळातली रबरी चकती) आत जात नाहीये किंवा आपल्या गोलमध्ये फार सहज जातोय. यातला कुठला अर्धा भाग बिघडलाय ते वेगळं बघा. पाच विरुद्ध पाचमध्ये साधारण ८ ते ९ टक्के फटके गोल होतात. तुमच्या संघाचे ६ टक्केच होत असतील, तर बरंचसं दुर्दैव समजा आणि थोडं थांबा. बचावाचा आकडा पडलेला असेल, तर गोलरक्षकाकडे वळा. याउलट वाटाच ४४ टक्के असेल, तर दुर्दैवाचा मुद्दा संपला. पीडीओ १०३ असल्यामुळे असा संघ काही आठवडे जिंकतही असतो, आणि तेव्हा फारसं कुणी बोलत नाही. घसरण मात्र तेव्हाच सुरू झालेली असते.

४४ टक्क्यांच्या संघात दोष पद्धतीचा की माणसांचा, हे ठरवायला ओळी वेगवेगळ्या करून बघा. चारही फॉरवर्ड ओळी आणि तीनही बचाव जोड्या ४३ ते ४६ मध्ये घोटाळत असतील, तर पद्धत चुकतेय आणि प्रशिक्षकाला जाब विचारणं योग्य आहे. पहिली ओळ ५४ वर आणि तिसरी जोडी ३९ वर असेल, तर खेळाडूच कमी पडताहेत. ती जोडी जनरल मॅनेजरने आणलेली आहे, त्यामुळे प्रश्न त्याला विचारायचा.

डोळ्यांनी काय बघायचं

आकड्यांनी जागा दाखवली की सामना बघताना पकवरून नजर हटवा. रिंकमध्ये वरच्या रांगांतली, स्वस्त जागा यासाठी उत्तम, कारण तिथून पाचही जणांची मांडणी एका नजरेत दिसते.

सगळ्यात जास्त शिकवतो तो सामन्याच्या तीन भागांतला दुसरा, म्हणजे दुसरा पीरियड. बाजू बदलल्याने आपला बेंच आपल्या बचावक्षेत्रापासून लांब जातो. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण ४५ सेकंदांची असते. पक बाहेर काढता आला नाही की दमलेले बचावपटू बदली होण्यासाठी एवढं अंतर ओलांडू शकत नाहीत आणि मिनिट-सव्वा मिनिट अडकून पडतात. दर वेळी घड्याळ बघा. गोल खाताना आपले तिघे-चौघे मिनिटाहून जास्त वेळ बर्फावर असतील आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर बाहेर पडण्याची रचना, म्हणजे ब्रेकआउट, बिघडलेला आहे. सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, खाली उतरून आधार देतोय का? विंगर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड, भिंतीपाशी थांबतोय की पास मिळण्याआधीच पुढे पळतोय? पळत असेल तर बचावपटूसमोर काचेला आपटून पक बाहेर भिरकावण्याशिवाय पर्याय उरत नाही, आणि तो पक समोरच्या संघाला आयता मिळतो.

गोलरक्षक

एका माणसावर इतकं अवलंबून असलेले सांघिक खेळ थोडे. हिशेब सरळ आहे. सामन्याला २८ फटके धरले तर ८२ सामन्यांत २,२९६ होतात. ९० टक्के फटके अडवणारा आणि ८८.५ टक्के अडवणारा यांच्यात हंगामाला सुमारे ३४ गोलांचा फरक पडतो. साधारण ६ गोलांमागे एक विजय धरतात, म्हणजे पाच-सहा विजय, अकराएक गुण. प्लेऑफ आणि सुट्टी यांतलं अंतर बहुधा याहून कमी असतं.

पण नुसती टक्केवारी बघून गोलरक्षकाला दोष देऊ नका. ज्याच्यासमोर रोज स्लॉट मोकळा सोडला जातो त्याची टक्केवारी पडणारच. अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले, हा आकडा बघा. तो उणे १० च्या खाली असेल तर दोष त्याचा. शून्याच्या आसपास असेल तर समोरच्या पाच जणांचा. लागोपाठच्या दोन रात्री सामने असताना दोन्ही वेळा त्यालाच उभं केलं असेल, तर तो निर्णय प्रशिक्षकाचा.

सेंट लुइस ब्लूजचं उदाहरण इथे लक्षात ठेवावं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी प्रशिक्षक माइक यो यांना काढून क्रेग बेरुबी यांना आणलं, तरी ३ जानेवारी २०१९ ला संघ ३१ संघांत तळाशीच होता. ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलमध्ये उभा राहिला. त्या हंगामात त्याने २४ सामने जिंकले, ९२.७ टक्के फटके अडवले, आणि जूनमध्ये ब्लूजने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला.

प्रशिक्षक बदलल्यावर आलेल्या विजयांकडेही याच नजरेने पाहा. आधी पीडीओ ९७ होता आणि आता १०१ झाला, पण अपेक्षित गोलांचा वाटा हलला नाही, तर नव्या प्रशिक्षकाने काही बदललेलं नाही.

पॉवर प्ले

लीगमध्ये साधारण पाचात एक पॉवर प्ले गोलात संपतो. तुमचा १२ टक्क्यांवर असेल आणि सामन्याला ३ संधी मिळत असतील, तर वर्षाला २० गोल बुडाले. पहिल्यांदा निळी रेषा ओलांडून पकसह आत जाता येतंय का ते मोजा. दोन मिनिटांतली चाळीस-पन्नास सेकंद मागे जाऊन पक आणण्यातच जात असतील, तर दोष प्रवेशाचा आहे. आत जाऊनही गोलरक्षकाची नजर अडवत कुणी उभं राहत नसेल, तर दोष मांडणीचा. यासाठी जबाबदार सहायक प्रशिक्षक असतो आणि मधल्या हंगामातही हे सुधारता येतं.

पैसा आणि करार

वर्षानुवर्षं हरणाऱ्या संघाचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा २०२४-२५ मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख झाली. पकपीडियावर संघाचं पान उघडा आणि प्रत्येक मोठ्या करारापुढे तीन गोष्टी लिहा: उरलेली वर्षं, करार संपेल तेव्हाचं वय, आणि ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाकडे पाठवलं जाणं, नाकारण्याचा हक्क. वय ३४ च्या पुढे जाणारे आणि हक्कासह असलेले तीन-चार करार दिसले, तर ‘याला विका’ ही मागणी निरुपयोगी आहे. खेळाडूच नाही म्हणू शकतो.

ट्रेड करताना पाठवणारा संघ पगाराचा जास्तीत जास्त ५० टक्के भार स्वतःकडे ठेवू शकतो, आणि असे तीनच करार एका वेळी चालतात. ते तीन भरले असतील तर मार्चमधल्या ट्रेडच्या मुदतीला चमत्काराची वाट बघू नका.

करार विकत घेऊन मोडण्याचं गणितही करून ठेवा. २६ किंवा जास्त वयाच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यावे लागतात, दुप्पट वर्षांत विभागून. तीन वर्षं आणि वर्षाला ६० लाख उरले असतील, तर १ कोटी ८० लाखांपैकी १ कोटी २० लाख सहा वर्षांत, म्हणजे वर्षाला २० लाख. पहिली तीन वर्षं ४० लाख मोकळे होतात, पुढची तीन वर्षं २० लाख वाया. साइनिंग बोनसचे, म्हणजे सहीबद्दल दिले जाणारे, पैसे यात कमी होत नाहीत, म्हणून बोनसने भरलेला करार मोडून फारसं काही हाती लागत नाही.

हरून पहिला खेळाडू मिळवण्याचं स्वप्न

मार्च २०१५ मध्ये बफेलो सेबर्सच्या प्रेक्षकांनी आपल्याच रिंकमध्ये ॲरिझोनाच्या जादा वेळेतल्या विजयी गोलवर जल्लोष केला. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिला नंबर सोडतीने ठरतो आणि तळाच्या संघाला त्यात सर्वाधिक संधी असते; शेवटचा नंबर मिळवून नवोदित कॉनर मॅकडेव्हिड मिळण्याची संधी वाढवायची होती. बफेलो शेवटचा आलाही, पण सोडत एडमंटनला लागली. बफेलोला जॅक आयकल मिळाला, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हेगसला गेला आणि २०२३ चा कप त्याने तिथे जिंकला. बफेलो २०११-१२ ते २०२४-२५ सलग १४ हंगाम प्लेऑफबाहेर राहिला, हा लीगचा विक्रम. एडमंटनकडेही २०१०, २०११, २०१२ आणि २०१५ असे चार पहिले खेळाडू आले, तरी २००६-०७ पासून सलग दहा हंगाम ते बाहेरच होते.

शेवटच्या क्रमांकाला सोडतीत पहिला खेळाडू मिळण्याची शक्यता २५.५ टक्के असते. चारात तीनदा तो दुसऱ्याला मिळतो. तेव्हा पहिल्या निवडीपेक्षा दुसऱ्या ते चौथ्या फेरीत गेल्या पाच वर्षांत निवडलेले किती जण आज संघात आहेत, ते मोजा. शून्य किंवा एक असेल, तर खेळाडू शोधणारा विभागच नीट चालत नाही. वर्षानुवर्षं हे होत असेल, तर जाब मालकाला विचारायला हवा.

राग व्यक्त करताना

जर्सी किंवा काहीही बर्फावर फेकू नका. एकदा ध्वनिक्षेपकावरून इशारा दिल्यावर पुन्हा वस्तू आल्या, तर खेळ लांबवल्याबद्दल यजमान संघाला दोन मिनिटांची शिक्षा होऊ शकते. हॅटट्रिक, म्हणजे एकाच खेळाडूचे तीन गोल, झाल्यावर फेकल्या जाणाऱ्या टोप्यांना तेवढी सूट आहे.

गोलरक्षकाने साधा फटका अडवल्यावर उपरोधाने टाळ्या वाजवू नका. २ डिसेंबर १९९५ ला माँट्रियलमध्ये यजमान संघाला डेट्रॉइटने ११-१ ने धुतलं, तेव्हा प्रेक्षकांनी आपल्याच गोलरक्षकाला, पॅट्रिक रॉयला, अशाच टाळ्या दिल्या. बाहेर काढल्यावर त्याने तिथेच संघाच्या अध्यक्षांना सांगितलं की माँट्रियलसाठी हा शेवटचा सामना. चार दिवसांत तो कोलोरॅडोला गेला आणि त्याच हंगामात कप जिंकला. खेळाडूंना किंवा त्यांच्या घरच्यांना समाजमाध्यमांवर शिवीगाळ तर कधीच नको.

या लीगमध्ये तिकीटविक्रीचं उत्पन्न फार महत्त्वाचं असतं, म्हणून हंगामी तिकिटांच्या नूतनीकरणाच्या वेळी दबाव सर्वाधिक पडतो. नूतनीकरण करणार नसाल तर नुसतं गप्प राहू नका. तिकीट प्रतिनिधीला लेखी कळवा आणि कारण एका ओळीत, नेमकं द्या: ‘तिसरी बचाव जोडी दोन वर्षं तशीच आहे’ असं. ‘संघ वाईट आहे’ यातून वर काहीच पोचत नाही. तिकीट काढून घरी बसलात तर पार्किंग आणि खाण्यापिण्याचं उत्पन्न बुडतं, पण तिकिटाचे पैसे त्यांना मिळालेलेच असतात. मालकाविरुद्ध मोहीम करायची असेल तर ओटावाचा नमुना बघा: २०१८ मध्ये तिथल्या चाहत्यांनी वर्गणी काढून, संघमालक यूजीन मेल्निक यांनी जावं असे फलक शहरात लावले. संघ त्यानंतरही त्यांच्याकडेच राहिला, २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि २०२३ मध्ये विक्री झाली. मालकाविरुद्धच्या मोहिमेला वर्षं लागतात, त्या तयारीनेच वर्गणी काढा.

पुढची तपासणी १ जुलैला, नवे करार जाहीर होतात तेव्हा. आधी करून ठेवलेल्या यादीत नवं नाव, वर्षं आणि करार संपतानाचं वय भरा, आणि शेजारी त्याच्या मागच्या तीन हंगामांचा अपेक्षित गोलांचा वाटा लिहा, एकाच हंगामाचा नको.