गव्हाशिवाय, साखरेशिवाय स्वयंपाक : या चुका टाळा

घरात कुणाला सीलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालं की त्याच दिवशी पोळी बंद होते. तरीही पोटदुखी थांबत नाही, मूल अंगाला लागत नाही आणि सगळे गोंधळून जातात. बहुतेक वेळा कारण एकच असतं : गहू ताटातून गेलेला असतो, स्वयंपाकघरातून नाही.

सगळ्यात मोठी चूक गिरणीत होते. आपण ज्वारी निवडून नेतो आणि ती गव्हाच्या पाठोपाठ दळली जाते. दगडांत, कापडी पिशवीत अडकलेलं गव्हाचं पीठ आपल्या डब्यात येतं. 'ग्लुटेनमुक्त' म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पाच किलो दळणात चमचाभर गव्हाचं पीठ गेलं तरी ही मर्यादा ओलांडली जाते. सकाळचं पहिलं दळण मागून घेतलं तरी कालचा गहू दगडांत असतोच. परवडत असेल तर घरघंटी घ्या आणि त्यात गहू कधीच टाकू नका. नाहीतर थोडंथोडं मिक्सरवर दळून चाळून घ्या. लाकडी पोळपाट-लाटणं आणि परातही वेगळी ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणवडे तळू नका.

दुसरी चूक हिंगाची. डबीतल्या बांधानी (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात बरेचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीतूनच गहू पोटात जातो. डबीवरची घटकांची यादी वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. सोया सॉस, कुरडया, दलिया, थालीपिठाची विकतची भाजणी यांवरही असंच लक्ष ठेवा.

आणि खपली! 'खपली चालते, जुना गहू आहे' हे फार ऐकू येतं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं. सीलिअ‍ॅक असलेल्याला ती अजिबात देऊ नका. जवसुद्धा नाही. नुसता संशय असेल तर मात्र तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर रक्ताच्या चाचणीत खरं काय ते दिसत नाही.

आता चवीकडे येऊ. भाकरी तुटते, कडांना चिरते, मग घरातले वैतागून महागडं तयार पीठ आणतात. दोष बहुधा शिळ्या पिठाचा असतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते. आठ-दहा दिवसांचंच दळा, उकळतं पाणी घालून झाकून ठेवा आणि कोमट झालं की तळहाताने भरपूर मळा. गोळा फाटायचा थांबला की थापायला घ्या. तरीही चिकटपणा कमी वाटला तर वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घाला. गव्हाच्या पोळीची नक्कल करण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, घावन, आंबोळी, धिरडी हे मुळातच गव्हाशिवायचं आणि उत्तम जेवण आहे.

मधुमेह असेल तर इथे आणखी एक घोटाळा होतो. गव्हाऐवजी तांदूळ, साबुदाणा, कॉर्नफ्लोअर वाढत जातं आणि साखर चढते. डाळीचं, बेसनाचं प्रमाण वाढवा, भाकरीबरोबर पालेभाजी आणि उसळ असू द्या.

गुळाबद्दल स्पष्टच सांगते : गूळ बहुतांशी साखरच आहे. मध आणि खजूरही रक्तातली साखर वाढवतात. 'साखर घातली नाही' म्हणून खजुराचे चार लाडू खाऊ नयेत. आमटीत गूळ वगळल्यावर ती एकदम आंबट लागते, कारण चिंचेचं प्रमाण आपण तेवढंच ठेवतो. चिंच निम्म्यावर आणा, कांदा-खोबरं मंद आचेवर खमंग भाजून वाटा. गोडसरपणा त्यातून येतो. खिरीत कृत्रिम गोडवा घालायचा असेल तर पाकिटावर काय लिहिलंय ते पाहा. अस्पार्टेम उकळल्यावर गोडी गमावतं, ते गॅस बंद केल्यावरच घाला. सुक्रालोज उकळी सहन करतं.