शाळेतल्या उवा: मुलांना शिकवताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक तपासणीच्या दिवशीच होते. मुलींना रांगेत उभं करायचं, पट्टीने केस बाजूला सारायचे आणि जिच्या डोक्यात उवा दिसतील तिला सगळ्यांदेखत शेवटच्या बाकावर पाठवायचं. यातून ती मुलगी एकच गोष्ट शिकते, की डोकं खाजलं तरी सांगायचं नाही. मग उवा बिनबोभाट वर्गभर पसरतात. तपासायचंच तर एकेकीला बाजूला घेऊन तपासा आणि आईशी एकटीशी बोला. शाळा बुडवायला लावू नका. उवा सापडतात तेव्हा त्या डोक्यात येऊन बहुधा बरेच दिवस झालेले असतात.

‘स्वच्छ राहा म्हणजे उवा होणार नाहीत’ हा धडाही बंद करा. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही उवा होतात. त्यांना लागतं रक्त आणि टाळूची ऊब. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. केस धरून चालते आणि डोक्याला डोकं लागलं की पलीकडे जाते. आपण मुलांना कंगवा, रुमाल, रिबिनी वेगळ्या ठेवायला सांगतो. ते बरोबरच आहे, पण एका मोबाइलवर चार डोकी टेकलेली असतात तिकडे कुणाचं लक्ष नसतं. पहिला नियम तो हवा. लांब केसांच्या घट्ट वेण्या घालून वर बांधायच्या, हा दुसरा. आणि हे मुलग्यांनाही शिकवा, त्यांची डोकी कुणी बघतच नाही.

लीख म्हणजे काय ते नुसतं सांगून कळत नाही. काळ्या दोऱ्यावर डिंकाने खसखशीचा एक दाणा चिकटवा. दुसऱ्या दोऱ्यावर तांदळाचं पीठ भुरभुरा. आता मुलांना दोन्ही दोरे झटकायला सांगा. पीठ उडून जातं, तो कोंडा. दाणा नखाने ओढावा लागतो, ती लीख. ती टाळूजवळ, बहुतेकदा कानामागे आणि मानेवर सापडते. तिसरीतली मुलंही हे विसरत नाहीत.

घरी हमखास चुकतं ते औषधाच्या दुसऱ्या वेळी. १ टक्का परमेथ्रिनचं लोशन चालत्या उवा मारतं, सगळ्या लिखा मारत नाही. त्या साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. शुक्रवारी रात्री लावलं तर मधला एक रविवार सोडून पुढचा रविवार धरा. मध्ये दर दोन-तीन दिवसांनी ओल्या केसांना तेल किंवा कंडिशनर लावून मुळापासून टोकापर्यंत बारीक दातांची फणी फिरवा आणि प्रत्येक वेळी ती पांढऱ्या कापडावर पुसून बघा.

रॉकेल, झुरळांचा खडू, ढेकणाचं औषध डोक्याला कधीही लावू नका. रॉकेल पेट घेतं, कीटकनाशक मुलांना विषबाधा करू शकतं. मुलीचे केस भादरण्याचीही गरज नाही.

दुसऱ्यांदा लावूनही आठवडाभराने चालत्या उवा दिसल्या, तर आधी घरातली सगळी डोकी बघा. नात आजीच्या कुशीत झोपत असेल तर आजीचंही. तिथे काही सापडलं नाही तर तेच औषध तिसऱ्यांदा चोपडू नका, डॉक्टरांकडून दुसरं लिहून घ्या. खाजवून पुळ्या चिघळल्या असतील किंवा मानेत गाठी आल्या असतील, तर तितकंही थांबू नका.